स्मशानात अकराशे सदतीस

१

त्या नकाशात स्मशानात माणसं राहत होती. एक-दोन नव्हे, अकराशे सदतीस.

मुलुंडला डोंगर जिथे पाय पसरून बसतो, तिथे नाल्यावर एक बुटका पूल आहे. पुलाच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत, स्मशान. पुलाच्या उत्तरेला कातळवाडी. दोनशे चौदा घरं. कौलं थोडी, पत्रे फार, आणि पत्र्याखाली माणसं त्याहून फार. चौऱ्याऐंशी साली निवडणुकीसाठी प्रभाग नव्याने आखायला घेतले. कच्चा नकाशा फळ्यावर लागला. वाडीतली माणसं हौसेने बघायला गेली आणि अंगावर काटा घेऊन परतली.

नकाशात वाडी नव्हतीच. वाडीच्या जागी मोकळं मैदान, मैदानात एक विहीर. आणि वाडीचा आकडा, एकही माणूस कमी न होता, पुलापलीकडे स्मशानात जाऊन बसला होता.

मैदान मोकळंच, म्हणून दोन प्रभागांमधली हद्दही त्यातून सरळ ओढलेली. ती पडली वाडीच्या मधल्या गल्लीत. उजव्या हाताची घरं एका प्रभागात, डाव्या हाताची दुसऱ्या.

हरकती तपासण्याचं काम वनमालाबाईंकडे होतं. बोरिवलीच्या, पंचेचाळिशीच्या, एकट्या. कचेरीत म्हणत, हरवलेला कागद बाईंना हाक मारतो. प्रभाग कसे आखायचे ते त्यांना तोंडपाठ होतं. माणसं सारखी वाटायची, जमीन सलग ठेवायची, हद्द नाला, रस्ता, रूळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून न्यायची, आणि वस्ती होता होईतो फोडायची नाही.

सोमवारी साहेबांपुढे सुनावणी होती. गुरुवारी दुपारी बाईंनी कातळवाडीच्या फाइलचा दोरा सोडला. जनगणनेत ज्या गणकाने वाडी मोजली, त्याच्या हातचा मूळ नजरी नकाशा त्यात असायला हवा होता. पायी फिरून, नजरेच्या अंदाजाने काढलेला साधा कागद. त्यावरूनच पुढचं सगळं खरं-खोटं ठरणार होतं.

दोरा होता. भोकाच्या कडेला अडकलेला कागदाचा एक तुकडा होता. नकाशा नव्हता.

२

"माझ्याकडे कशाला बघताय बाई?" ड्राफ्ट्समन नंदकुमार म्हणाला. त्याच्या बोटांना शाई होती आणि आवाजात घाबरलेपण. "मूळ कागदावरून मी ट्रेस केलं, कागद परत दिला. रजिस्टरात सही आहे गुणाजीची."

"जागेवर गेला होतास?"

"बाई, सहाशे गट होते! सहाशे ठिकाणी जाऊन मी काय लग्नाच्या पत्रिका वाटू? कागदावर पूल होता. दोन रेघांची फुली होती, एक नाला, एक रस्ता. पुलाच्या डाव्या हाताला घरं. डावी म्हणजे पश्चिम, हे मी शाळेत शिकलो."

"आणि विहीर?"

"गोल काढलेला होता वर, मी गोल काढला. विहीर मनाने कशाला खोदीन यार... सॉरी, बाई."

रेकॉर्डखोलीचा गुणाजी कपाटाला पाठ लावून उभा होता, जणू कपाटही कोणी नेईल. "पंधरा दिवसांत आत कोणी आलं नाही. आईशपथ. वाडीचा तो भीमराज आला होता, त्याला मी दारातूनच फुटवला."

"हा नजरी नकाशा काढला कुणी?"

गुणाजीचा चेहरा मऊ झाला. "सहदेव गुरुजी. मी त्यांच्याच हाताखाली चौथी पास झालो. उंच माणूस हो, वर्गात शिरताना वाकायचे. दोन वर्षं झाली जाऊन." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. ते परत आलेत."

"कोण?"

"गुरुजी. वाडीत. रोज सकाळी दारांवर गेरूचे नंबर उमटतात. जनगणनेतलेच. वाडी म्हणते, आपण मेलो असं नकाशात आलं, म्हणून गुरुजी आपल्याला पुन्हा मोजायला आलेत."

३

शुक्रवारी सकाळी वनमालाबाई पुलावर उतरल्या. स्मशानाकडून ओल्या राखेचा वास येत होता. वाडीच्या तोंडाशी नळावर बाया उभ्या होत्या आणि घागरी भरता भरता हलक्या आवाजात म्हणत होत्या:

जित्या माणसाचं घर
दाविलं मसणात
सांगा गं बाई दिवा
लावू कोणत्या दारात

बाईंना पाहून आवाज थांबला.

भीमराज वाट बघतच होता. रसायनाच्या कारखान्यात कामाला, डोळे कायम लाल. हरकतीचा अर्ज त्याचाच. "बाई, बारा वर्षं भांडून हा एक नळ आणला. सगळे एकत्र होतो म्हणून आला. वाडी फोडली की हा म्हणणार त्याच्याकडे जा, तो म्हणणार ह्याच्याकडे जा. तीनशे मतं इकडे, तीनशे तिकडे. कुणाच्या खिजगणतीत राहणार आम्ही?"

"मूळ नकाशा सापडला नाही तर?"

"तर वाट लागली. म्हणून तर कचेरीत तीन खेपा घातल्या. तो गुणाजी कुत्र्यासारखा अंगावर येतो."

दारांवरचे नंबर ताजे होते. विटकरी, ओलसर. एक, दोन, तीन, गल्लीच्या वळणाने वळत गेलेले. बासष्टनंतर बाई थबकल्या. त्रेसष्ट हा आकडा दारावर नव्हता. नुसत्या दगडी बांधावर होता.

"इथे घर होतं," भीमराज म्हणाला. "ब्याऐंशीत पाडलं, पाइप टाकताना. माणसं गोराईला गेली."

"हे त्रेसष्ट होतं, हे लक्षात होतं कुणाच्या?"

"छ्या! तीन पावसांत सगळे आकडे धुऊन गेले. माझ्याच घराचा मला आठवत नव्हता."

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. पुढे एका दाराला पत्र्याची पडवी होती, तिथे जुना गेरू अजून पुसट दिसत होता. नवा आकडा त्याच्यावरच चढवलेला. चारचं तेच लांब शेपूट, तोच तिरकेपणा. आणि दोन्ही आकडे बाईंच्या खांद्याइतक्या उंचीवर. बाई स्वतः बेताच्याच उंचीच्या. त्यांनी हात वर करून पाहिलं. उंच माणसाने हा आकडा लिहायचा तर गुडघे मोडायला हवेत. दोनशे चौदा वेळा.

मैदानातली विहीर त्यांनी शोधली. शंभर पावलं इकडे, शंभर तिकडे. वाडीत विहीर नव्हती, कधी नव्हतीच.

भीमराजच्या बायकोने, शकुने, चहा दिला. नकाशाचा विषय निघताच तिने पदर तोंडाला लावला. "माझी पहिली पोर तिथं पुरलीय बाई, स्मशानाच्या कुंपणाला लागून. नकाशा बघितला आणि वाटलं, तिनंच बोलवून घेतलं आपल्याला. चार रात्री झोप नाही."

"गुरुजी मोजायला आले तेव्हा तू घरी होतीस?"

"होते की! हे पाळीला गेलेले. आत चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं तर मी म्हटलं, असं नाही सांगणार, घेऊन सांगणार. 'नळाला नाही पाणी, रांगेत ठेवली घागर, भीमराजचं नाव घेते, ऐकतंय सारं नगर.' काय हसलो होतो!"

"गुरुजी हसले?"

शकुचा हात कपावर थांबला.

"शकु, परका पुरुष, तोही मास्तर. तो तुझ्या चुलीपाशी येऊन बसला, आणि तू त्याच्यासमोर हसत नवऱ्याचं नाव घेतलंस?"

शकु उठली. तिने कप उचलले, धुतलेलेच पुन्हा धुतले, आणि मागे न वळता म्हणाली, "गुरुजींनीच मोजलं आम्हाला. वाडीत कुणालाही विचारा. सगळे हेच सांगतील."

४

चंद्रप्रकाश पांढऱ्या सफारीत कचेरीच्या पायरीवरच भेटला. वाडीच्याच प्रभागातून उभं राहायची त्याची तयारी साऱ्या मुलुंडला माहीत होती.

"या वनमालाबाई! माझं नाव आहे ना तुमच्या यादीत? चोर म्हणून?"

"नकाशा गेला तर फायदा कुणाचा, हे बघणं माझं काम."

"फायदा माझाच! कशाला खोटं बोलू? वाडी एकत्र राहिली तर मला पाडते, फोडली तर मी झकास निवडून येतो." तो मोकळेपणाने हसला. "पण बाई, मी चोरला असता तर आता शांत झोपलो असतो ना? दारांवर नंबर रंगवत कशाला फिरलो असतो? त्या नंबरांनी माझीच पंचाईत केलीय. उद्या साहेब जागेवर आले आणि त्यांनी ते बघितले तर?"

बाई पायरीवरच उभ्या राहिल्या. माणूस आवडण्यासारखा नव्हता, पण बोलला ते खरं होतं.

त्रेसष्टचं घर पाडलेलं. तरी आकडा बरोबर जागी पडला. म्हणजे नंबर रंगवणाऱ्याच्या हातात तो हरवलेला नकाशा आहे. चोर आणि भूत एकच. पण हा कसला चोर? नकाशा लपवून त्याने वाडीला बुडवलं, आणि नंबर रंगवून तो तिला वर काढतोय. चंद्रप्रकाशने वर काढलं नसतं. भीमराजने बुडवलं नसतं. नंदकुमारला आपली चूक झाकायची असेल, पण तो पहाटे गेरू कालवणार नाही. राहिला असा कोणीतरी, ज्याचा जीव वाडीत आहे, पण ज्याला तो कागद कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. जो बुटका आहे. जो एक्याऐंशी सालीही तिथे होता. आणि ज्याला शकु चुलीपाशी बसवते.

त्या रेकॉर्डखोलीत गेल्या.

"गुणाजी, पंधरा दिवसांत इथे कोणी आलं नाही म्हणालास. नीट आठव. बाईमाणूस?"

"बाईमाणूस? नाही. म्हणजे गुरुजींच्या बाई आल्या होत्या, गुरुजींनी जनगणनेचं काम केल्याचा दाखला हवा म्हणून. त्यांना खुर्ची दिली, मी चहा सांगायला गेलो. पण त्या काय कोणी आहेत? घरच्याच त्या."

बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"त्यांना मोजलंच नाहीस तू," वनमालाबाई म्हणाल्या.

५

शनिवारी दुपारी गुरुजींच्या पत्नी सुगंधाबाईंच्या चाळीतल्या खोलीत त्या गेल्या, तेव्हा दार उघडंच होतं. लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई. भिंतीवर गुरुजींचा हार घातलेला फोटो.

"येवा, बसा. च्याय ठेवतंय."

बाईंची नजर त्यांच्या नखांवर गेली. नखांत गेरू होता. गॅलरीत तुळशीची कुंडी मात्र कोरीच होती.

"सुगंधाताई, चहा नको. कागद द्या."

त्या रडल्या नाहीत. नाकारलंही नाही. कपाटातून एक घडी केलेलं नऊवारी काढलं, आणि त्याच्या घडीतून कागद.

"मी चोर नाय गो बाय. हेंका दमो होतो. चार पावलां चालले की छाती भात्यासारी. काम परत करूक गेले तर हेडमास्तर म्हणतलो, मास्तर कामचोर. मग हे पुलावर बसले नि मी घराघरात गेलंय. येऊन मी सांगायचंय, हे लिहायचे. नकाशो मात्र माझ्या हातचो. शेवटच्या दिवशी हेंनी नुसती सही केली. बघूचीसुद्धा ताकद नव्हती."

"मग तो लपवलात का?"

"भीमराज येऊन सांगून गेलो, सोमवारी गुरुजींचो नकाशो साहेबासमोर ठेवतले. माझां वेडांवाकडां अक्षर कोण वळखूचो नाय? तीस वर्षां शाळेत काढली हेंनी, एक खोटी हजेरी कधी मांडली नाय. मेल्यावर लोक म्हणतले, मास्तरान बायकोक धाडल्यान नि सही आपली केल्यान." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "वाटला, नंबर परत काढले तर साहेब आपल्या डोळ्यांनी बघतीत, कागद लागूचोच नाय. पहाटे बायो दारा उघडतत, त्येंच्यासमोरच काढतंय. माका कोण बोलूक नाय. भूत म्हणान सांगतत."

म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"मोजणी माझी बरोबर हा," सुगंधाबाई ताठ होत म्हणाल्या. "एक घर सोडूक नाय. चूक झाली ती तुमच्या कचेरीत."

वनमालाबाईंनी कागद पसरला. चिमुकले चौकोन, प्रत्येकात आकडा. पुलावर दोन रेघांची फुली. पुलाच्या डाव्या हाताला घरं, अगदी नंदकुमार म्हणाला तशी. उत्तरेचा बाण कुठेच नव्हता. आणि वर, मधोमध, एक गोल. त्याच्याभोवती बारीक ठिपके.

"हे काय काढलंत?"

"सूर्यनारायण. आमच्याकडे भुईवर काय पण काढूचा तर उगवतीक तोंड करून बसतत. तशीच पुलावर बसान काढलंय."

वनमालाबाईंनी कागद हळूच पाव फेरा फिरवला. सूर्य पूर्वेला गेला. डाव्या हाताची घरं उत्तरेला आली, आपल्या जागी, एकेक करून, जणू एवढे दिवस बाहेर उभी होती. फुलीतला नाला नाला झाला, रस्ता रस्ता.

"सुगंधाताई," त्या म्हणाल्या. "कचेरीत कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर धरतात. सगळे. तुमची वरची बाजू पूर्व होती. तुमच्या सूर्याची त्यांनी विहीर केली. आणि तुमची घरं..."

सुगंधाबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपले गेरू लागलेले हात उलटसुलट करून पाहिले.

"मीच नेलंय काय गो तेंका मसणात?"

खाली पाण्याचा टँकर आला, चाळीत भांड्यांचा कल्लोळ उठला, तोही निवला.

"आता दोन वाटा आहेत," वनमालाबाई अखेर म्हणाल्या. "तुम्ही गप्प राहिलात तर मी तुमचं नाव घेणार नाही. पण गुरुजींनी काढलेल्या नकाशात उत्तर वर नाही, हे साहेबांना पटणार नाही. भूगोल शिकवणारा माणूस तो. तुम्ही बोललात तर वाडी वाचते. आणि गुरुजींचं नाव..."

"बोला नको," सुगंधाबाई म्हणाल्या. "माका इचार करूक देवा."

६

रविवारी वनमालाबाईंनी नंदकुमारला कॉलरला धरावं तसं वाडीत नेलं. हातात तो कागद, योग्य बाजू वर. दिवसभर त्याने दारं मोजली. संध्याकाळी तो पुलावर मटकन बसला. "दोनशे नऊ दारं जुळली बाई. पाच पाडलेली. एक फुली मी नीट वाचली असती तर..."

"तर मला रविवारची सुट्टी मिळाली असती," बाई म्हणाल्या.

सोमवारी शाळेच्या सभागृहात कातळवाडी दाटीवाटीने उभी होती. वनमालाबाईंनी सूर्य, विहीर, फुली, सगळं मांडलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद फिरवला, पुन्हा फिरवला.

"पटण्यासारखं आहे. पण गणक शिक्षक होते. शिक्षक पूर्व वर कशी काढील?"

"आणि साहेब, कागद चोरीला गेला होता!" चंद्रप्रकाश उठला. "आज मिळाला म्हणतात. कुणाच्या हातचा आहे, कोण सांगणार?"

भीमराज पुढे झाला. "गुरुजींच्याच हातचा. आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी."

"सगळ्यांनी," मागून शकु म्हणाली. आणि वाडी, जिला सुनावणीत साहेबांसमोर खोटं बोलणं म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं, एका सुरात म्हणाली, "सगळ्यांनी!"

साहेबांनी वनमालाबाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या. गर्दीतून वाट काढत लहानखुरी आकृती पुढे आली.

"ही खोटा बोलतत माझ्यासाठी," सुगंधाबाई म्हणाल्या. "तो कागद माझ्या हातचो. मोजलंय मी. घेऊन गेलंय पण मीच. हे आजारी होते. म्हणून उगवत वर हा."

सभागृहात चुळबुळ झाली. गुणाजीने डोळे पुसले.

"म्हणजे मोजणीच बेकायदा!" चंद्रप्रकाश ओरडला.

"आकड्यावर गणकाची सही आहे, आणि काल दारोदार पडताळणी झाली आहे," वनमालाबाई म्हणाल्या. "माणसं जागेवर आहेत साहेब. ही काय, समोर उभी आहेत."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. कातळवाडी अखंड एकाच प्रभागात राहील. हद्द मधल्या गल्लीतून नव्हे, नाल्यावरून जाईल.

भीमराजने शेजारच्याचा खांदा घट्ट धरला.

"सुगंधाबाई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला. "गणकाने काम स्वतः केलं नाही, हा शेरा मला मूळ कागदावर मारावा लागेल. तुम्ही मागितलेला दाखलाही देता येणार नाही. आणि शेरा पुसत नाहीत."

"मारा," त्या म्हणाल्या. "हेंका मी सांगन."

पेन कागदावर कुरकुरलं. सुगंधाबाईंनी ते शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिलं. मग पदर सावरून त्या जायला वळल्या.

"ओ बाई!" मागच्या रांगेतून एका बाईने कडेवरचं मूल वर उचललं. "तुम्ही आलात तेव्हा आम्ही चौघं होतो. आता पाच झालो!"

"आमचा म्हातारा गेला गेल्या पौषात," दुसरीकडून आवाज आला. "एक कमी करा!"

"माझ्या दोघी सुना आल्या!"

"शांतता! ही सुनावणी आहे, जनगणना नाही," साहेब म्हणाले. कुणी ऐकलं नाही. आवाजावर आवाज चढत होता, जन्मलेले, गेलेले, सासरी धाडलेल्या, परत आलेल्या.

सुगंधाबाई गर्दीच्या मधोमध उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरचं पाणी त्यांनी मनगटाने पुसलं आणि हात वर केला.

"हळू, हळू. एकेक जण," त्या म्हणाल्या. "पयल्या गल्लीपासून सांगा."